प्रकाशाने प्रतिकारशक्ती वाढत नाही : सोरायसिसच्या प्रकाशोपचाराविषयी

(सातारा आणि सांगली इथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या दोन व्याख्यानांचं हे एकत्र शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस आज त्वचारोगावर कसा काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. मी डॉक्टर नाही, आणि औषध सांगायला आलेलो नाही. माझ्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर बरीच वर्षं सोरायसिस आहे. प्रकाशोपचाराचे दोन कोर्स मी घेतले आहेत. उपचारासाठी बाकावर बसून वाट पाहताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की त्याचा पाठपुरावा करावा असं वाटलं. ते वाक्य असं : “या लाइटने प्रतिकारशक्ती वाढते, म्हणून चट्टे जातात.”

हे वाक्य चुकीचं आहे. आणि ही चूक पेशंटला महागात पडते. कशी, ते आज पाहायचं आहे.

आधी रोग कोणता ते थोडक्यात सांगतो. आपल्या त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि शेवटी कोंडा होऊन गळून पडतात. निरोगी माणसात या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी पिकायच्या आतच वर येतात. त्यामुळे त्वचा जाड होते, लाल होते, आणि तिच्यावर चंदेरी पापुद्रे साठतात. भारतात किती लोकांना हा रोग असावा, याचे अंदाज अर्ध्या टक्क्यापासून तीन टक्क्यांच्या जवळपास जातात. म्हणजे आज या सभागृहातही दोन-चार जण असायला हरकत नाही.

हा रोग संसर्गजन्य नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो. एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने, एका बिछान्याने तो लागत नाही. पण आपल्या भागात कातडीवरच्या चट्ट्याची भीती जुनी आहे. मिरजेचं कुष्ठरोग्यांचं हॉस्पिटल आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत आहे. चट्टा दिसला की घरातली जुनी माणसं आधी महारोगाचं नाव घ्यायची. ही गल्लत फक्त आपणच केली असंही नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट विलन या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोरायसिसचं चांगलं वर्णन केलं, पण त्याच्या एका प्रकाराला नाव दिलं ‘लेप्रा’. व्हिएन्नाच्या हेब्राने १८४१ मध्ये ते नाव काढून टाकलं. नाव काढलं, भीती मात्र राहिली. अजून आपल्याकडे न्हावी दाढी करायला नाही म्हणतो, ठरत आलेलं लग्न मोडतं. तेव्हा शब्द नुसते शब्द नसतात. ते माणसाचं आयुष्य वाकवू शकतात.

‘प्रतिकारशक्ती’ हाही असाच एक शब्द आहे. त्यात ‘शक्ती’ आहे, म्हणून आपण ती पाण्याच्या टाकीसारखी समजतो. भरलेली असली की चांगलं, रिकामी झाली की आजार. कोरोनाच्या काळात तर ती वाढवण्यासाठी आपण काय काय प्यायलो! पण प्रतिकारव्यवस्थेचं खरं काम ओळखण्याचं आहे. आपलं कोण, परकं कोण, आणि परकं असलं तरी उपद्रवी कोण. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर तिथे बळापेक्षा विवेक महत्त्वाचा. सोरायसिसमध्ये बळ कमी पडलेलं नसतं. विवेक सुटलेला असतो. शत्रू नसताना लढाई चालू असते.

ही लढाई कोण करतं? टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यातला एक गट इंटरल्यूकिन-१७ नावाचा रासायनिक संदेश सोडतो. त्वचेतल्या दुसऱ्या पेशी इंटरल्यूकिन-२३ सोडून या गटाला चेतवत राहतात. इंटरल्यूकिन-१७ पोचलं की त्वचेच्या पेशी भराभर वाढायला लागतात आणि त्या स्वतःच नवे संदेश सोडून आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतात. मग आणखी संदेश, आणखी पेशी. गावातल्या भांडणासारखं आहे हे. कोणी सुरू केलं ते कोणालाच आठवत नाही, पण रोज कोणीतरी कोणाला तरी हाक मारतोच.

आता प्रकाशाकडे येऊ. त्वचेवर प्रकाशाचा उपचार ही जुनी गोष्ट आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, ते त्वचेच्या क्षयरोगावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. सोरायसिससाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गोकरमन यांनी १९२५ मध्ये अंगाला कोळशाचं डांबर लावून वर अतिनील किरण देण्याची पद्धत मांडली. चट्टे जात होते. का जातात हे कोणालाच सांगता येत नव्हतं. त्वचेच्या पेशी फार वाढतात, किरण ती वाढ रोखतात, एवढंच म्हटलं जायचं. म्हणजे रोग त्वचेचा, उपचार त्वचेवर, विषय संपला.

इथे मला आपल्या नैयायिकांची आठवण होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असं होत नाही. काकतालीय न्याय म्हणतात तो हाच. मग खरं कारण ओळखायचं कसं? त्याची एक कसोटी अन्वय-व्यतिरेकाची. अमुक असेल तिथे कार्य घडतं, हा अन्वय. अमुक काढून घेतलं की कार्य थांबतं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तर कारण म्हणा, नाहीतर थांबा.

सोरायसिसच्या बाबतीत पहिला धागा अपघाताने मिळाला. १९७९ मध्ये संधिवाताच्या काही रुग्णांना सायक्लोस्पोरिन हे औषध दिलं. बदललेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टी पेशींना आवर घालणारं हे औषध. सांध्यांसाठी दिलं, आणि सोरायसिसचे चट्टे साफ झाले. तेव्हा शंका आली, की मूळ खोड त्वचेच्या पेशींत नसून पांढऱ्या पेशींत तर नाही?

व्यतिरेक सापडला १९९५ मध्ये. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने एक असं औषध वापरलं, की जे चेतलेल्या टी पेशींना मारतं आणि त्वचेच्या पेशींना हात लावत नाही. सोरायसिस ओसरला. अन्वय सापडला १९९६ मध्ये. ज्या उंदरांना स्वतःची प्रतिकारव्यवस्था नसते, त्यांच्यावर सोरायसिसच्या रुग्णाची दिसायला निरोगी असलेली त्वचा लावली. मग त्याच रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी चेतवून तिच्यात टोचल्या. त्या निरोगी त्वचेवर सोरायसिस उमटला. पेशी दिल्या, रोग आला. पेशी काढल्या, रोग गेला. आता कारण म्हणायला हरकत नव्हती.

मग पुढचा प्रश्न आला. प्रकाश या पेशींचं काय करतो? रॉकफेलर विद्यापीठातच १९९५ मध्ये अतिनील उपचाराआधीचे आणि नंतरचे त्वचेचे तुकडे तपासले गेले. ज्यांचे चट्टे बरे झाले, त्यांच्या वरच्या थरातल्या टी पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या. १९९९ मध्ये ३१२ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातल्या किरणांवर काम झालं. दवाखान्यात ‘नॅरोबँड’ म्हणतात ते हेच. त्यात दिसलं की हे किरण खालच्या थरातल्या टी पेशींपर्यंतही पोचतात, आणि त्या पेशी फुटून दाह पसरवत नाहीत. त्या स्वतःच शिस्तीत आवरतं घेतात. प्रत्येक पेशीत मरणाची एक सोय असते, जणू मृत्युपत्र लिहून ठेवलेलं. किरणांनी डीएनएला धक्का बसला की ते मृत्युपत्र उघडलं जातं. त्वचेच्या पेशी याच किरणांना टी पेशींपेक्षा चांगल्या तोंड देतात. म्हणून लढणारे पडतात आणि घर शाबूत राहतं.

दुसरा परिणाम पहारेकऱ्यांवर होतो. आपल्या त्वचेत लँगरहान्स पेशी असतात. पॉल लँगरहान्स या बर्लिनच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६८ मध्ये त्या पाहिल्या तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. त्यांच्या फांद्या पाहून त्याला वाटलं, या मज्जापेशी आहेत. त्या प्रतिकारव्यवस्थेच्या पहारेकरी आहेत हे कळायला शंभरएक वर्षं गेली. त्या परक्याचा तुकडा पकडतात आणि टी पेशींना नेऊन दाखवतात. अतिनील किरणांनंतर त्वचेतली त्यांची संख्या कमी होते, आणि उरलेल्यांचं चेतवणं मंदावतं. हाक मारणारेच कमी झाले की भांडणाचा जोर ओसरतो.

तिसरा परिणाम मला सगळ्यात सुंदर वाटतो. त्वचेच्या अगदी वरच्या मेलेल्या थरात युरोकॅनिक आम्ल नावाचं साधं रसायन असतं. किरण पडले की त्याच्या रेणूचा आकार बदलतो. घटक तेच राहतात, मांडणी वेगळी होते. १९८३ मध्ये दोन संशोधकांनी मांडलं, की बदललेला आकार प्रतिकारव्यवस्थेला ‘जरा शांत’ असा निरोप देतो. किरण पडल्यावर त्वचेत इंटरल्यूकिन-१० सारखे शांत करणारे संदेशही वाढतात.

चौथा परिणाम नियामक टी पेशींवर होतो. या पेशी बाकीच्यांना आवरतात. वर्गात मॉनिटर असतो तशा. त्यांच्या शोधाला २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, ते मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना विभागून. सोरायसिसमध्ये या पेशी असतात, पण त्यांचा वचक गेलेला असतो. प्रकाशोपचारानंतर त्यांची संख्या किंवा वचक सुधारल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. दुसरीकडे, इंटरल्यूकिन-२३ आणि १७ ची ती साखळी चट्ट्यात मंदावल्याचंही दिसलं आहे.

आता तुम्हीच सांगा, यात ‘शक्ती वाढली’ कुठे? पेशी कमी झाल्या, पहारा शिथिल झाला, निरोप शांततेचे गेले, मॉनिटर वर्गात परतला. ही सगळी शमनाची कामं आहेत. दोषाला बाहेर काढतं ते शोधन, जागच्या जागी शांत करतं ते शमन, असा भेद आपल्या वैद्यकात जुना आहे. प्रकाशोपचार शमन करतो.

“मग प्रतिकारव्यवस्था शांत केली तर आम्हाला बाकीचे आजार होणार नाहीत का?” हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की नॅरोबँड किरण फार खोल जात नाहीत. परिणाम मुख्यतः त्वचेपुरता राहतो. आपल्या देशात याला फार महत्त्व आहे. सोरायसिसवर आता महागडी इंजेक्शनं निघाली आहेत. ती चांगलं काम करतात. पण त्यांतली टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं शरीरात झोपलेला क्षयरोग जागा करू शकतात, म्हणून ती देण्याआधी टीबीची तपासणी करावी लागते. आपल्याकडे झोपलेला टीबी घेऊन हिंडणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. प्रकाशाच्या बाबतीत ही धास्ती नसते. गरोदर बाईलाही डॉक्टर बऱ्याचदा नॅरोबँड देऊ शकतात, कारण पोटात औषध जात नाही.

शमनाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शांत झालेलं पुन्हा पेटू शकतं. आणि सोरायसिस परत येतो तेव्हा बऱ्याचदा अगदी जुन्याच जागी येतो. तेच कोपर, तोच गुडघा. असं का? त्वचेत काही टी पेशी कायमच्या वस्तीला राहतात. त्या रक्तात फिरत नाहीत. त्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणू. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये, उपचारांनी साफ झालेली त्वचा तपासली. त्यात प्रकाशोपचार घेतलेलेही रुग्ण होते. वरून त्वचा स्वच्छ होती, पण आत त्या जागी या पेशी होत्या, आणि चेतवल्यावर जुनेच संदेश सोडण्याची तयारी त्यांच्यात शिल्लक होती. डोळ्यांना दिसणारा चट्टा गेला, त्वचेची आठवण गेली नाही.

यातून तीन व्यवहारी गोष्टी निघतात.

पहिली : चट्टे फिके पडले की उपचार मध्येच सोडू नये. साधारण आठवड्याला तीन वेळा, असे वीस ते पस्तीस वेळा किरण घ्यावे लागतात. सुरुवात छोट्या मात्रेने करून ती हळूहळू वाढवतात. “शक्ती वाढली, काम झालं” असं समजणारा माणूस दहाव्या वेळेला घरी बसतो. तोवर वरचा पापुद्रा गेलेला असतो, आतली शांतता व्हायची असते.

दुसरी : रोग परत आला म्हणजे उपचार फसला किंवा आपलं काही चुकलं, असं समजू नये. काही महिने किंवा त्याहून जास्त काळ त्वचा साफ राहणं हेच या उपचाराचं यश आहे. परत आला तर परत घेता येतो. ‘कायमचा बरा करतो’ म्हणणाऱ्याच्या पुड्या मात्र घेऊ नका. अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने चट्टे भरभर जातात, आणि ते एकदम बंद केलं की अंगभर पूचे फोड येऊन जिवावर बेतू शकतं.

तिसरी : ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णं आणि गोळ्या सोरायसिसवर घेण्यात अर्थ नाही. पेटलेल्या चुलीत कोणी आणखी लाकूड घालत नाही.

आणि एक गोष्ट पेशंटच्या नव्हे, आपल्या सगळ्यांच्या विचाराची. हा उपचार स्वस्त आहे, जुना आहे, त्यामानाने निर्धोक आहे. मशिनसमोर उभं राहायचं ते काही सेकंद, फार तर काही मिनिटं. पण त्यासाठी जतच्या किंवा आटपाडीच्या गावातून मिरज-सांगलीला, पाटणच्या खोऱ्यातून कराडला आठवड्यातून तीनदा यायचं. दहा आठवडे. रोजंदारीवर शेतात जाणाऱ्या बाईचे हे तीस खाडे होतात. उपचार फुकट मिळाला तरी एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी तिच्याच पदरची. मग ती उपचार सोडते, आणि आपण म्हणतो, “यांना चिकाटी नाही.”

यावर जगात उपाय तपासला गेला आहे. नेदरलँड्समध्ये १९६ रुग्णांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ७८३ रुग्णांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला. दोन्हींत काहींनी घरी मशिन नेऊन किरण घेतले, काहींनी दवाखान्यात. घरचा उपचार दवाखान्यापेक्षा उणा ठरला नाही. अर्थात डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली होती. आपल्याकडे प्रत्येक घरी मशिन कुठून येणार? पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एखादं मशिन आणि एक शिकवलेला माणूस का असू नये? त्वचारोगतज्ज्ञाने महिन्यातून एकदा येऊन मात्रा तपासावी. हा प्रश्न मी श्रोत्यांत बसलेल्या जिल्हा परिषदेच्या मंडळींना विचारतो आहे.

आता तुमचे प्रश्न.

सर, रोज सकाळी कोवळ्या उन्हात बसलं तर हेच होणार नाही का?

कोवळ्या उन्हात मन प्रसन्न होतं, पण हे काम करणारे यूव्हीबी किरण सकाळी फार कमी असतात. ते दुपारी जास्त असतात. खिडकीच्या काचेतून तर ते जवळपास येतच नाहीत. आणि दुपारच्या उन्हाची मात्रा मोजता येत नाही. १९८१ मध्ये दोन संशोधकांनी वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण सोरायसिसवर तपासले. २९० नॅनोमीटर आणि त्याखालचे किरण त्वचा भाजतात, पण चट्टा बरा करत नाहीत. ३०० ते ३१३ चे किरण बरा करतात. भाजणारं कमी आणि बरं करणारं जास्त, असं वेचून देतो तो दिवा. शिवाय सोरायसिसमध्ये त्वचा जिथे भाजते किंवा खरचटते, तिथे नवा चट्टा येऊ शकतो. म्हणून दुपारच्या उन्हात स्वतःवर प्रयोग नको.

आमच्याकडे बावचीचं तेल लावून उन्हात बसतात. ते कसं?

चांगला प्रश्न. बावची म्हणजे संस्कृतातली बाकुची. पांढऱ्या कोडावर तिचा वापर आपल्याकडे फार जुना आहे. तिच्या बियांतून सोरालेन हे द्रव्य १९३३ मध्ये जोइस आणि मंजुनाथ या भारतीय शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. त्याच कुळातलं औषध आणि यूव्हीए किरण मिळून सोरायसिस बरा होतो, हे हार्वर्डच्या गटाने १९७४ मध्ये दाखवलं. त्या गटात मधू पाठक हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. यालाच ‘पूव्हा’ म्हणतात. सोरालेन डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये जाऊन बसतं, आणि किरण पडले की त्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. म्हणजे आपली बावची ही पोकळ गोष्ट नाही. पण म्हणूनच तिची मात्रा चुकली तर मोठाले फोड येतात. ज्या औषधात गुण असतो, त्याला मापही लागतंच.

याने कॅन्सर होतो असं ऐकलं आहे.

पूव्हाच्या बाबतीत भीतीला आधार आहे. अमेरिकेत १९७५ पासून तेराशेहून अधिक रुग्णांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. ज्यांनी शेकडो वेळा पूव्हा घेतलं, त्यांच्यात त्वचेचा एक प्रकारचा कॅन्सर वाढलेला दिसला. ते बहुतेक गोऱ्या कातडीचे लोक होते. नॅरोबँडचं तसं दिसलेलं नाही. स्कॉटलंडमध्ये ३,८६७ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात असा ठळक संबंध आढळला नाही. आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य आणखी थोडं राखण करतं. तरी आपण एकूण किती वेळा किरण घेतले याची नोंद वहीत ठेवावी, मशिनमध्ये डोळ्यांना चष्मा लावावा, पुरुषांनी गुप्तांग झाकावं. टी पेशी शांत होतात त्याच कारणाने, फार अतिरेक झाला तर ट्यूमर ओळखणारा पहाराही ढिला पडू शकतो. मार्गारेट क्रिपके यांनी १९७० च्या दशकात उंदरांमध्ये हे दाखवलं होतं. म्हणून माप महत्त्वाचं.

सांधे दुखतात, त्यालाही लाइटचा उपयोग होतो का?

नाही. किरण त्वचेपुरते, हे मघाशी म्हटलं ते इथे उलटं लागू पडतं. सोरायसिसच्या अनेक रुग्णांना सांध्यांचा त्रास होतो. सकाळी उठल्यावर बोटं आखडत असतील, टाच दुखत असेल, तर ते वयावर ढकलू नका. वेळेत दाखवा, नाहीतर सांधा कायमचा वाकडा होतो. डोक्यावर दाट केस असतील तर तिथेही किरण नीट पोचत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

सुनेला सोरायसिस आहे. नातवाला जवळ घेऊ द्यावं का?

आजी, हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारलात, हे फार बरं केलंत. खुशाल घेऊ द्या. स्पर्शाने हा रोग लागत नाही. घराण्यात थोडा कल येऊ शकतो, पण तो येणार असेल तर मांडीवर घेतल्याने येत नाही आणि न घेतल्याने टळत नाही. ताण वाढला की हा रोग पुष्कळांत वाढतो. तेव्हा सुनेला जवळ करणं हे तुमच्या हातातलं आहे, आणि त्याला मशिन लागत नाही.